न उघडलेलं पिंप

रविवारी सकाळी सातच्या बसमध्ये मामा चढले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात अर्ज होता, पोटात कपभर चहा होता आणि मनात, खोटं कशाला बोला, थोडी ऐट होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्याला कुणी मुद्दाम फोन करून बोलावतं, तुमच्याशिवाय हे होणार नाही म्हणतं, हे काय कमी झालं? मामी गेल्यापासून चार वर्षं त्यांना लोक बोलवायचे ते फक्त कुणाला तरी शेवटचं पोचवायला. म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा दोनदा पुसला आणि पेनात शाई आहे की नाही ते तळहातावर रेघ ओढून पाहिलं.

बोलावलं होतं भाच्याने. भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. नळ, तोट्या, पाइप विकायचं त्याचं दुकान, आणि दुकानाच्या डोक्यावर घर. बहिणीचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. मामांनी ती रांगत असताना तिला चिमी म्हटलं, ते बहात्तराव्या वर्षीही ती चिमीच.

तर ही चिमी गेले आठ महिने रोज दुपारी गुपचूप नगरपालिकेच्या सभागृहात जेवायला जात होती. तिथे सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही गरम जेवण मिळे. कार्ड नाही, दाखला नाही, चौकशी नाही. वय विचारायचे, तेही चेहऱ्यावरून अंदाज आला नाही तरच. घरात कुणाला पत्ता नव्हता; रविवारी ती देवळाचं निमित्त सांगे. सभागृहाच्या गळक्या तोट्या बदलायला गेलेल्या एका ठेकेदाराने तिला हातात ताट घेऊन रांगेत उभी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, मातोश्री दिसल्या काल, घरी सगळं बरं आहे ना? भाचा फोनवर म्हणाला, "मामा, त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं." सभागृहाचा व्यवस्थापक म्हणे, आम्ही कुणाला हाकलत नाही, पण घरच्या वडीलधाऱ्याने लेखी दिलं तर बघू. वडीलधारं आता एकच उरलं होतं.

मामांनी बुधवारी रात्रीच अर्ज लिहून काढला. अर्ज लिहावा तर मामांनीच. चौतीस वर्षं पुरवठा कचेरीत तपासनीस होते ते. फुकट धान्याच्या कार्डावर कुणाचं नाव राहील आणि कुणाचं कापलं जाईल हे त्यांच्या लाल पेनावर ठरायचं.

दोन बस बदलून साडेअकराला जिना चढून वर गेले तर बैठकीच्या खोलीत सगळे हजर. भाचा खुर्चीत, सून त्याच्या शेजारी हिशेब द्यायला बसल्यासारखी ताठ, आणि चिमी खिडकीपाशी, हात मांडीवर ठेवून. स्वयंपाकघराच्या दारातून ठकी डोकावली. ठकी ही चिमीची थोरली, भाच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची प्रमुख. दीडशे मुलींचं जेवण एकटी पेलायची आणि बोलायची कमी. मामांना पाहून ती म्हणाली, "आलात? बसा. बटाटे लावलेत," आणि आत गेली.

भाच्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि लगेच विषयाला हात घातला. त्याने पाठ केल्यासारखं सगळं मांडलं. या घरात कशाची कमी आहे? फ्रिज भरलेला, दुकान चालतंय, दोन्ही मुलं बाहेरगावी शिकताहेत. आणि घरातली आई रांगेत. बोलता बोलता त्याला जोर चढला आणि त्याने ती गोष्ट काढली. काढणारच होता. या कुटुंबात कुठलाही वाद लागला की ती गोष्ट निघायचीच, आणि निघाली की मामा खाली बघून, मान जराशी हलवत, नको रे आता जुनं, असं म्हणायचे आणि कान मात्र टवकारून ऐकायचे.

गोष्ट अशी. चाळीस वर्षांपूर्वी सगळ्या कार्डांची फेरतपासणी निघाली. मामांच्या वाट्याला जो भाग आला त्यात चिमीचं घर होतं. दुसरे तपासनीस घरात शिरले की डब्यांची झाकणं उघडायचे, बायामाणसांसमोर पिठात हात घालून पाहायचे. मामांना ते अमानुष वाटे. त्यांची स्वतःची रीत होती. आधी पाणी मागायचं, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. उलटा हात चुलीजवळ न्यायचा, ऊब आहे का बघायची. मग जाता जाता धान्याच्या पत्र्याच्या पिंपावर मधल्या बोटाचं पेर टकटक वाजवायचं. रिकामं पिंप खणखणतं, भरलेलं भद्द वाजतं. झाकण उघडायचं नाही, कुणाची अब्रू काढायची नाही. ही युक्ती ते नातेवाइकांत रंगवून रंगवून सांगत. तर त्या फेरीत त्यांनी चिमीच्या घरचं पिंप वाजवलं, ते भद्द वाजलं, आणि त्यांनी त्याच दिवशी सख्ख्या बहिणीचं नाव कापलं. कचेरीत त्यांचा बोलबाला झाला. निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी हीच गोष्ट सांगितली आणि सभा टाळ्यांनी दुमदुमली. दुसऱ्या रांगेत बसलेल्या चिमीनेही टाळ्या वाजवल्या होत्या, हे मामांनी व्यासपीठावरून पाहिलं होतं.

"असं आपलं घराणं," भाचा म्हणाला. "आणि आज ठेकेदार मला विचारतो, घरी सगळं बरं आहे ना."

मामांनी घसा साफ केला. चिमीशी ते नेहमी जरा वरच्या पट्टीत बोलत, लहानपणापासूनची सवय. त्यांनी तिला समजावलं की ते जेवण ज्यांना घरी नाही त्यांच्यासाठी असतं. तू एक ताट उचललंस की कुणा गरजूचं एक ताट कमी होतं. सरकारी अन्न म्हणजे काही हौस नाही. आपल्याला आहे ना, मग आपण बाजूला व्हावं, यातच माणुसकी.

"तिथे रोज दहा-बारा ताटं उरतात," चिमी म्हणाली. "आणि कुणाला आहे, कुणाला नाही, हे ठरवणार कोण? परत तूच का, दादा?"

हे तिने इतक्या सहज विचारलं की मामांना त्यातली खोच कळायला वेळ लागला. तोवर भाचा मध्ये पडला, की आई, मुद्द्याचं बोल, तुला घरी जेवायला मिळत नाही का?

"मिळतं की," चिमी म्हणाली. "पण विचारून मिळतं."

सुनेचा चेहरा एकदम उतरला. मग चिमीने हळूहळू सांगितलं. सून आणि मुलगा नऊला खाली दुकानात जातात ते रात्रीच वर येतात. फ्रिजमध्ये डबे असतात, प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवलेली, कुठला आज दुपारचा, कुठला उद्याचा. चिमीचा डबा निळ्या झाकणाचा. त्यात काही कमी नसतं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच सगळं मोजूनमापून असतं. पण एकदा खालच्या खणात उकडलेली अंडी दिसली आणि तिला अंडं खावंसं वाटलं. निळ्या डब्यात अंडं नव्हतं. तिने दुकानात फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा मुलाने उचलला आणि म्हणाला, आई, एवढ्यासाठी फोन करतेस, गिऱ्हाईक उभं आहे. तिने फ्रिज बंद केला. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा सभागृहात गेली. निळा डबा ती संध्याकाळी खाऊन धुऊन ठेवायची.

"मी कधी नाही म्हटलं का, आई?" सून म्हणाली.

"नाही गं. तू नाही म्हणणाऱ्यातली नाहीस," चिमी म्हणाली. "पण हो म्हणायला तरी तूच लागतेस ना. तिथे कुणीच लागत नाही. ताट पुढे करायचं, वाढतात. बास."

भाच्याने मामांकडे पाहिलं, मामांनी खिशाकडे. आता बोलण्यात अर्थ नाही, कागदच पुढे करावा, असं ठरवून त्यांनी अर्जाची घडी उलगडली आणि म्हणाले, वाचून दाखवतो, मग सही करतो, तुझं काही म्हणणं असेल तर सांग. चिमीने हात पुढे केला. मी वाचते, म्हणाली.

ती चौथी शिकलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. विनंती, सन्माननीय वगैरे तिने भराभर ओलांडलं आणि मधल्या परिच्छेदाशी आली. "सदर महिलेस घरी दोन्ही वेळचे पुरेसे अन्न उपलब्ध असल्याची," ती दम घेऊन पुढे गेली, "मी स्वतः तपासणी करून खात्री केली आहे."

हे वाक्य लिहिताना मामांनी विचारसुद्धा केला नव्हता. चौतीस वर्षांत ते इतक्या वेळा लिहिलं होतं की पेन कागदाला लागलं की आपोआप उतरायचं.

"कधी केली, मामा?"

ठकी दारात उभी होती. हातात फडकं होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय कधी केली?"

"तपासणी. आत्ता जिना चढताना केलीत की बुधवारी तुमच्या घरी बसून?"

भाचा म्हणाला, "ताई, मामांशी काय ही बोलायची पद्धत?" आणि सुनेनेही मान हलवली. क्षणभर खोलीतले सगळे मामांच्या बाजूचे झाले. मामांनीही हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, म्हणाले, अगं, तो लिहायचा मायना असतो, त्याला काय एवढं.

"मागच्या वेळीसुद्धा मायनाच होता का?" ठकीने विचारलं.

"ठके," चिमी म्हणाली, "बटाटे बघ."

"बटाटे शिजले, आई. चाळीस वर्षं शिजताहेत." ती आत आली आणि चिमीच्या खुर्चीमागे उभी राहिली. "मामा, तुम्ही वाजवलंत ना ते पिंप, त्यात वाळू होती."

खाली दुकानाच्या बंद शटरवर कुणीतरी थाप मारून निघून गेलं.

ठकी तेव्हा बारा वर्षांची होती आणि सगळं तिच्यासमोर घडलं होतं. तिने ते वसतिगृहाचा जिन्नस उतरवून घेताना बोलावं तसं सांगितलं, एकेक करून, आवाज न चढवता. बाबा कामाला होते तो छापखाना बंद होऊन पाच महिने झाले होते. मामा तपासणीला येणार हे चार दिवस आधी कळलं. आदल्या संध्याकाळी आई शेजारच्या बांधकामावर गेली आणि घमेल्याने वाळू आणली, एक खेप, दुसरी, तिसरी. पिंप गळ्यापर्यंत भरलं. मामा झाकण उघडत नाहीत हे ठाऊक होतं, तरी चुकून उघडलंच तर म्हणून घरात होते नव्हते ते तांदूळ वर पसरले. दुसऱ्या दिवशी मामा आले, पाणी प्याले, पिंपावर टकटक केली, ठकीच्या डोक्यावर हात फिरवला आणि गेले.

"मग आम्ही ते तांदूळ वाळूतून वेचले," ठकी म्हणाली. "चाळले, धुतले. तरी भात दाताखाली कचकचत होता. आई म्हणाली, चावू नका, गिळा. पंधरा दिवसांनी कार्ड कापून आलं. त्याच्या पुढच्या महिन्यात मला खाणावळीत कामाला ठेवलं. दोन्ही वेळचं जेवण तिथे मिळतं म्हणून. पहिल्या दिवशी मी इतकी जेवले की मोरीत जाऊन ओकले. शाळा सुटली ती सुटलीच."

मामांना आठवलं. लहान वयात कामाला लागली, गुणाची पोर, असं ते तिच्याबद्दल चारचौघांत म्हणत आले होते. तिच्या लग्नातही म्हणाले होते.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," भाचा म्हणाला.

"कसं सांगणार? तू चार वर्षांचा. खाणावळीतला उरलेला पाव मी परकराच्या ओच्यात लपवून आणायचे, तो तू खायचास. एकदा मालकिणीने पकडलं तेव्हा माझा ओचा सगळ्यांसमोर झाडून घेतला." ठकीने फडक्याने आधीच कोरडे झालेले हात पुन्हा पुसले. "रांगेत उभं राहायला लाज वाटते म्हणतोस ना. मला नाही वाटत. ती रांग तेव्हा असती तर मी नाचत गेले असते."

भाचा आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि एकदम मामांवर उलटला. इतकी वर्षं तुम्ही ही गोष्ट मिरवताय, म्हणाला, आणि आम्हीही वेड्यासारखे सांगत सुटतो. दहा मिनिटांपूर्वी ती छाती फुगवून त्यानेच सांगितली होती, पण माणसाला लाज वाटली की ती कुणाच्या तरी गळ्यात टाकायची घाई होते, आणि मामांचा गळा समोरच होता. सून उठून आत गेली. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

"त्याला बोलू नकोस," चिमी मुलाला म्हणाली. "त्याला मी फसवलं. भरलेलं पिंप भरलेलं वाजलं, त्यात त्याची काय चूक?"

ही बाजू घेणं मामांना सोसवेना. भाचा बोलत होता तोवर निदान मान खाली घालून ऐकता येत होतं.

"चिमे," ते म्हणाले, "कशाला केलंस गं असं?"

चिमी मांडीवरचा अर्ज हाताने सपाट करत होती. "मला वाटलं, तू येशील, बसशील, चहा घेशील. नाव आहे तसं ठेवशील. छापखाना बंद झालाय हे तुला ठाऊक होतंच. तुला सगळं माहीत असावं, पण माझं रिकामं पिंप तेवढं तुला दिसू नये, असं दोन्ही पाहिजे होतं मला. माझाच मूर्खपणा."

"एका शब्दाने सांगायचंस."

"तू एका शब्दाने विचारलंस का, दादा? वाजवलंस आणि गेलास."

चिमीला ठाऊक नव्हतं ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, आणि आता ते आतून वर येत होतं. छापखाना बंद झाल्याचं त्यांना पक्कं माहीत होतं. पाच महिने पगार नसलेल्या घरात गळ्यापर्यंत भरलेलं पिंप असतं कसं, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या मनात आला होता. बोट पिंपावरून उचलायच्या आत आला होता. झाकण उचललं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण तो भद्द आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं होतं. बहिणीकडे धान्य आहे म्हणून नव्हे; आता हिचं नाव कापता येईल आणि कचेरीत सगळ्यांना कळेल म्हणून. त्यांना लाज वाटली, साधी, पोरवयात खोटं पकडलं गेल्यावर वाटते तशी लाज, कानांपर्यंत गरम. आणि त्या लाजेला चाळीस वर्षांचं व्याज चढलं होतं.

त्यांनी चिमीच्या मांडीवरून अर्ज घेतला, पेन काढलं आणि मधल्या वाक्यावर रेघ मारली. मग उरलेलं वाचून पाहिलं. ते एक वाक्य गेल्यावर अर्जात काहीच उरलं नव्हतं. त्यांनी सही न करता तो टीपॉयवर ठेवला. भाच्याने तो उचलला नाही.

"तुझी काही इच्छा असेल तर सांग," मामा चिमीला म्हणाले. आपल्या तोंडून हे किती फुटकळ निघतंय हे त्यांना ऐकू येत होतं.

चिमीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवू लागली. भाचा म्हणाला, "आई, आज तरी घरी जेव, सगळे आहोत." चिमी म्हणाली, संध्याकाळी बटाटे खाईन, तिथे ओळखीचा सुतार रांगेत जागा धरून उभा असेल, दीडनंतर वाढत नाहीत. मग दारापाशी थांबून तिने मागे पाहिलं.

"येतोस, दादा?"

सभागृह याच गावात होतं आणि हाच तो मामांच्या तपासणीचा भाग. सत्तरी ओलांडलेली इथली माणसं म्हणजे तेव्हा तिशीत-चाळिशीत होती ती. निम्म्यांच्या चुलीपाशी त्यांनी हात नेला असेल, निम्म्यांची पिंपं वाजवली असतील. बसची वेळ झाली असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. चिमी पदर सावरत उभी होती, आणि दादा काय उत्तर देईल ते आधीच ठाऊक असल्यासारखी पायरीकडे बघत होती. मामा उठले.

रस्त्याने चिमी गुडघ्यांमुळे हळू चालायची, पण मामा तिच्याही मागे राहत होते. रविवार असल्याने दुकानं बंद होती आणि फुटपाथ मोकळा. दोन चौक ओलांडून सभागृह आलं. दार सताड उघडं, आत लांबच लांब टेबलं, पत्र्याची ताटं, डोक्यावर कुरकुरणारे पंखे आणि पन्नाससाठ म्हाताऱ्यांचा एकत्र बोलण्याचा आवाज. एक बाई मोठ्याने सांगत होती की आज भाजीत मीठ कमी आहे आणि हे मी लेखी देणार आहे. दुसरा एक जण तिला सांगत होता, लेखी द्यायचं तर मला वाचून दाखव आधी, मागच्या वेळी तू भात कच्चा असताना करपला लिहिलंस. फुकट मिळणाऱ्या जेवणाला नावं ठेवताना मामांनी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं. त्यांच्या कामाच्या दिवसांत लोक नुसते हात जोडायचे.

रांगेत सहा-सात जण होते. या दोघांच्या पुढे उभा असलेला वाकलेला म्हातारा वळला. चिमी म्हणाली, हा सुतार. म्हाताऱ्याने मामांकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. मामांना वाटलं, आता हा सुनावणार.

"साहेब ना तुम्ही?" सुतार म्हणाला. "पुरवठा कचेरीतले. माझ्या घरी आला होतात. चूल गरम लागली म्हणून नाव कापलंत."

मामांना आठवेना. आठवण्याजोगं त्यांच्या लेखी ते नव्हतंच.

"चूल गरम होती हे खरं," सुतार म्हणाला. "त्यावर सरस उकळत होता, साहेब. खुर्च्या चिकटवायचा. तो खाल्ला असता तर आतडी चिकटली असती." आणि तो हसला, तोंडात दोनच दात होते, पण मनापासून हसला. मागच्या दोघी-तिघींनीही ऐकलं आणि त्याही हसल्या. मग त्यातली एक हसता हसता थांबली आणि मामांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिली. तिची चूल कशी होती हे मामांनी विचारलं नाही. सुतार पुन्हा पुढे वळला आणि रांग सरकली.

मामांना वाटलं, इथून निघावं. त्यांनी ताट घेतलं होतं, ते रिकामं ताट आता कुठे ठेवावं ते समजेना. नुसतं बहिणीला सोडायला आलोय असं म्हणता आलं असतं. घरी खाऊन आलोय असंही म्हणता आलं असतं, हे तर त्यांना सवयीनेच जमलं असतं. मामी गेल्यापासून खाणावळीचा एक डबा ते दोन वेळा पुरवत होते, आणि कुणी विचारलं तर पोट भरलंय म्हणत होते. तोवर रांग संपली आणि वाढणारी बाई समोर आली. जाडजूड, कपाळावर घाम, हातात भाताचा मोठा डाव. तिने चिमीला वाढलं, नेहमीची ओळख असल्यासारखं हसली आणि डाव मामांच्या ताटावर आणून थांबली.

"हे नवीन दिसतात, आजी. कोण हे?"

मामा चिमीकडे पाहू लागले. तपासनीस म्हणेल. दादा म्हणेल, मोठा माणूस आहे म्हणेल, नुसता सोबत आलाय म्हणेल. चिमीने भात वाढलेलं ताट दोन्ही हातांत नीट धरलं आणि मागच्या टेबलांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माझा भाऊ आहे. सकाळपासून उपाशी आहे. वाढ त्याला."

टेबलावरच्या माना वळल्या. स्वतःबद्दल ती हे जन्मात बोलली नव्हती, आणि भावाबद्दल इतक्या सगळ्यांसमोर बोलली. ती सूड घेतेय की माया करतेय हे मामांना कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि ताट पुढे केलं.